पेटीतला चोर पकडायचा कोणी?

टाचणीच्या डोक्याएवढा, तांबूस रंगाचा व्हरोआ नावाचा कोळी मधमाशीच्या अंगाला चिकटतो, तिच्या अळ्यांवर पोसतो आणि पंख वाकडे करणारा विषाणू पसरवतो. उपाय केला नाही, तर दोन-तीन वर्षांत पेटी रिकामी! ऑस्ट्रेलियात मात्र या चोराला २०२२ पर्यंत पाय रोवता आले नव्हते.

त्या वर्षी जूनमध्ये न्यूकॅसल बंदरात, पाळतीसाठीच ठेवलेल्या पेट्यांत तो सापडला. मग जे झाले ते ऐकून कोणाही मधपाळाच्या पोटात गोळा यावा. बाधित जागेभोवती दहा किलोमीटरपर्यंतच्या पेट्या, निरोगी असोत वा नसोत, नष्ट करण्यात आल्या. रानातल्या माश्यांसाठी विषारी आमिषे ठेवली गेली. पेट्यांची भरपाई मिळाली. पण वर्षानुवर्षे निवडून जोपासलेल्या वाणाची भरपाई कशी व्हायची? आणि एवढे करून १९ सप्टेंबर २०२३ रोजी उच्चाटनाचा नाद सोडावा लागला.

मग सरकारने यात पडायलाच नको होते काय? मला तसे वाटत नाही. कोळ्याला कुंपण कळत नाही. शेजाऱ्याची दुबळी पेटी लुटायला गेलेल्या माश्या मधाबरोबर कीडही घरी आणतात. बदाम फुलला, की शेकडो मैलांवरून पेट्या ट्रकने बागांत येतात, एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा पांगतात. २०२३ साली कीड पुढे सरकली ती याच वाटेने. अशा ठिकाणी एकट्या मधपाळाची दक्षता काय कामाची? बंदरावरची पाळत, पेट्यांची नोंद, वाहतुकीवर नजर आणि भरपाई ही सरकारचीच कामे. औषधपाणी मधपाळाने करावे, हे खरे. पण कोणते औषध अजून लागू पडते, हे त्याला सांगायचे कोणी? हात टेकणे निराळे, हात झटकणे निराळे.

गंमत म्हणजे हा कोळी मूळचा आपल्या सातेरीच्याच कुळातला पाहुणा. सातेरी त्याला अंगावरून झाडून टाकते. तिच्याकडे तो बहुतेक नरांच्या अळ्यांतच वाढतो. बाहेरून आणलेल्या मेलिफेराला ती विद्या फारशी अवगत नाही. आपल्याकडे २०२० मध्ये मधमाशीपालनाच्या राष्ट्रीय अभियानासाठी पाचशे कोटींची घोषणा झाली, ठिकठिकाणी पेट्यांचे वाटपही होते. ज्या कागदावर पेटीचे अनुदान मंजूर होते, त्याच कागदावर ती पेटी तपासायला कोण येणार आणि कधी, हेही लिहिलेले असावे.