मधमाशी आणि कंपासपेटी

मुलांनो, गेल्या आठवड्यात माझ्या चौथीच्या वर्गात चक्क एक खटला चालला. झालं असं, की मधल्या सुट्टीत एकाने दुसऱ्याला नळावर ढकललं. ढकललेला मुलगा तेव्हा काही बोलला नाही. शाळा सुटल्यावर मात्र त्याने फाटकाजवळ गाठून पहिल्याच्या डोक्यात कंपासपेटी घातली. दोन टाके पडले! दुसऱ्या दिवशी जाब विचारला तर म्हणतो कसा, "बाई, मी माझा बचाव केला. तुम्हीच शिकवलंत ना, मधमाशीसुद्धा डंख मारते."

शिकवलं होतं खरं. म्हणून आधी मधमाशीचंच बघू. कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असतात. आपल्या कातडीत ती रुतून बसते आणि माशी उडू लागली की तिच्या पोटाचा भाग तुटून मागे राहतो. माशी मरते. म्हणजे हा बचाव तिचा स्वतःचा नाहीच, पोळ्याचा आहे! रुतलेल्या नांगीपाशी पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. तो आला की बाकीच्या माश्या धावून येतात. दगड कोणी मारला आणि रस्त्याने नुसतं कोण चाललं होतं, याची चौकशी त्या करत बसत नाहीत. आग्या मोहोळ उठलं की सापडेल त्याच्या मागे लागतं.

आता कायदा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत बचावाचा हक्क ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात तो ३४ ते ४४ या कलमांत आहे. स्वतःचा बचाव करता येतो तसा दुसऱ्याचाही, मग तो अगदी अनोळखी का असेना. (मधमाशी काही शेजारच्या पोळ्यासाठी जीव देत नाही हं!) पहिला फटका बसेपर्यंत थांबावंही लागत नाही. समोरचा काठी उगारून अंगावर आला की हक्क सुरू. पण धोका टळला की हक्कही संपला. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल, तर हा हक्क मिळतच नाही.

"मग सांग," मी म्हटलं, "मधली सुट्टी संपून अडीच तास झाले होते. धोका कुठे उरला होता? शिक्षकांची खोली तर नळापासून दहा पावलांवर."

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे बाई, नळावरच मारलं असतं तर चाललं असतं?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचा हात धरता आला असता, त्याला बाजूला लोटता आलं असतं. कंपासपेटी मात्र तिथेही जास्तच झाली असती, असं मी सांगितलं. पटलं की नाही, कोण जाणे!

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण बाई, मधमाशीला पोलीस कुठे असतात?"

"नसतात," एवढंच मी म्हणाले. टाके पडलेल्या मुलाचे आईबाबा चार वाजता भेटायला येणार होते.