रंगपेटी माळ्यावर ठेवण्यापूर्वीं



शाळेंत एक गोष्ट दरसाल घडते, आणि ती इतक्या निमूटपणें घडते कीं तिच्याकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. आठवीपर्यंत वहीच्या समासांत पक्षी, बैलगाड्या आणि माणसांचे चेहरे काढणारा मुलगा नववी-दहावींत येतांच चित्रें काढण्याचें सोडून देतो. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झालेली असते. तिच्या श्रेणीबद्दल दहावीच्या निकालांत मिळणारे वाढीव गुण पदरांत पडणार, अशी घरच्यांची खात्री पटलेली असते. आणि मग रंगपेटी माळ्यावर जाते. मुलींच्या बाबतींत रंगपेटीच्या जोडीला पुष्कळदां गाण्याची वही आणि भरतकामाची चौकटहि जाते.

यांत आईबापांना दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. बदनापूर व आसपासच्या खेड्यांतील बहुतेक घरें कापूस, तूर आणि मोसंबी यांवर चालतात, आणि हीं पिकें पावसाच्या मर्जीवर चालतात. ज्याच्या घरीं पुढच्या हंगामाची शाश्वती नाहीं, त्यानें मुलाच्या हातांतील कुंचल्याकडे पाहून ‘याचा उपयोग काय?’ असें विचारणें स्वाभाविक आहे. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याला रास्त उत्तर मिळाले पाहिजे. ‘कलेनें मन प्रसन्न होतें’ एवढ्या मोघम उत्तरानें कोणत्याहि विचारी बापाचें समाधान होणार नाहीं, आणि होऊंहि नये.

माझ्या मतें उत्तर असें आहे : छंदाचें मोल तो किती पैसे देतो यावर ठरत नाहीं, आणि अंगीं किती प्रतिभा आहे यावरहि ठरत नाहीं, माणूस त्याला नेमानें किती वेळ देतो आणि हातीं घेतलेलें काम शेवटास नेतो कीं नाहीं, यावर तें ठरतें. हें नुसतें बोलून पटणार नाहीं, म्हणून एका हौशी चित्रकाराचें उदाहरण पाहूं.

सातारा भागांत औंध नांवाचें ७२ गांवांचें एक छोटें संस्थान होतें. त्याचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ सालचा. ते पदवीधर होते. १९०९ सालीं गादीवर आले आणि १९५१ सालीं निवर्तले. राज्य करणें हा त्यांचा व्यवसाय, आणि चित्रें काढणें हा त्यांचा छंद. कलेच्या इतिहासांत त्यांचें नांव राजा रविवर्मा किंवा धुरंधर यांच्या पंक्तीस बसत नाहीं, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें. ते हौशी होते, आणि शेवटपर्यंत हौशीच राहिले. परंतु या हौशेची वाट कोठवर गेली तें पाहण्यासारखें आहे.

१९१६ सालीं त्यांचें ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध झालें. रामकथेंतील प्रसंगांचीं चित्रें स्वतः काढून त्यांनीं तीं ग्रंथरूपानें लोकांपुढें ठेवलीं. एखाद्याचें समाधान येथेंच झालें असतें. त्यांचें झालें नाहीं. रामायणानंतर महाभारत डोळ्यांपुढें उभें राहिलें. मात्र महाभारताच्या पोथ्या प्रांतोप्रांतीं निरनिराळ्या. एकींत असलेले श्लोक दुसरींत नाहींत. तेव्हां १९१८ सालीं त्यांनीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरास विनंती केली कीं, सर्व पोथ्या ताडून महाभारताची शुद्ध आणि सचित्र आवृत्ति काढावी. त्यासाठीं एक लक्ष रुपये देण्याचें वचन त्यांनीं दिलें. १९१९ सालीं कामास आरंभ झाला. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्यासारख्या विद्वानांनीं त्यासाठीं आयुष्य वेंचलें, आणि १९६६ सालीं, म्हणजे बाळासाहेबांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनीं, तें कार्य पूर्णत्वास गेलें. आज महाभारताचा अभ्यास करणाऱ्या जगांतील कोणाहि पंडिताला या आवृत्तीवांचून पुढें जातां येत नाहीं.

या कार्याचें श्रेय विद्वानांचें आहे, यांत शंका नाहीं. पण ‘सचित्र’ हा शब्द त्या विनंतीत आला तो एका हौशी चित्रकाराच्या हौशेमुळें. त्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर चित्रकार म्हणून बाळासाहेबांचें नांव आहे, आणि चित्रें प्राचीन नमुन्यांवरून काढलीं आहेत असेंहि तेथें नमूद केलेलें आहे. या ‘प्राचीन नमुन्यांत’ सारें मर्म आहे. अर्जुनाचें चित्र काढावयाचें तर त्या काळचीं वस्त्रें कशीं होतीं, मुकुट कसा होता, रथ कसा होता, हें ठाऊक पाहिजे. तें जाणण्यासाठीं जुनीं शिल्पें व भित्तिचित्रें बारकाईनें पाहिलीं पाहिजेत. बाळासाहेबांनीं तीं पाहिलीं, आणि वेरुळावर १९२९ सालीं व अजिंठ्यावर १९३२ सालीं ग्रंथहि प्रसिद्ध केले. हातांत कुंचला होता म्हणून डोळे शोधक झाले, आणि डोळे शोधक झाले म्हणून विद्येची गोडी लागली. ‘याचा उपयोग काय?’ या प्रश्नाचा पहिला जबाब हा आहे.

विद्यार्थ्यांनो, ज्या वेरुळ-अजिंठ्यासाठीं औंधचा राजा सह्याद्रीकडून इतक्या लांब आला, तीं लेणीं आपल्याला शेजारघरासारखीं आहेत. आपल्यापैकीं कितीजणांनीं तेथें वही-पेन्सिल घेऊन एक तास बसून एखादा खांब किंवा एखादा हात रेखाटला आहे? मोबाइलवर छायाचित्र काढावयाला निमिष पुरतें. आणि निमिषांत काढलेलें छायाचित्र निमिषांत विसरलेंहि जातें. जो हात रेखाटावयाचा, त्याचीं बोटें कशीं वळलीं आहेत हें मात्र दहा वेळां पाहावें लागतें.

आतां कोणी म्हणेल, ‘अहो, ते राजे होते! पैसा होता, वेळ होता, नोकरचाकर होते. आम्हां शेतकऱ्यांना, दुकानदारांना आणि पगारदारांना त्यांचें उदाहरण काय कामाचें?’ आक्षेप खरा आहे. म्हणून राजवाड्यांतून खालीं उतरूं.

पुण्यांत दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) नांवाचे गृहस्थ होते. घरचा धंदा चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ या नांवानें ते कविता लिहीत, आणि जुन्या वस्तु गोळा करण्याचा त्यांना नाद होता. त्याहि कसल्या? राजांच्या तलवारींपेक्षां लोकांच्या घरांतील दिवे, कुलुपें, अडकित्ते, दौती, वाद्यें आणि कोरीव दारें. लोक ज्यांना अडगळ म्हणत, त्यांत त्यांना कारागिराचा हात दिसे. एकेक करीत सुमारे वीस हजार वस्तु जमल्या, आणि १९७५ सालीं तो सारा संग्रह त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. बालपणींच वारलेल्या आपल्या पुत्राचें ‘राजा’ हें नांव त्यांनीं संग्रहालयास दिलें. एका पित्याच्या दुःखाला या छंदानें असें वळण दिलें कीं, त्यांतून हजारो मुलांना पाहावयास एक घर मिळालें.

केळकरांपाशीं निदान दुकान तरी होतें. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्यापाशीं तेंहि नव्हतें. अक्षरओळख नव्हती, तरुणपणीं वैधव्य आलें, घर आणि शेत यांच्या कामाला अंत नव्हता. मोकळा वेळ कशाला म्हणतात हें त्यांना ठाऊकच नसावें. तरी जात्यावर आणि शेतांत त्यांच्या ओठांवर ओव्या येत राहिल्या. पुत्र सोपानदेव आणि नातलग पितांबर चौधरी यांनीं त्या टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांचें पुस्तक निघालें आणि महाराष्ट्र चकित झाला. पालकांनीं यांतील एक गोष्ट विशेषेंकरून ध्यानांत घ्यावी. घरांत टिपून घेणारें कोणी होतें! ज्या घरांत टिपून घेणारें कोणी नाहीं, अशा घरांतील किती ओव्या जात्याबरोबरच थांबल्या असतील?

राजा, दुकानदार आणि शेतकरीण. तिघांच्या परिस्थितींत साम्य नाहीं. पण तिघांच्या छंदांत आहे. कोणीहि आपलें नित्याचें काम सोडलें नाहीं. औंधच्या राजानें चित्रांपायीं राज्य वाऱ्यावर टाकलें नाहीं. उलट १९३९ सालीं प्रजेच्या हातीं कारभार देणारी घटना त्यानें मान्य केली. कोणीहि आज बासरी, उद्यां बुद्धिबळ, परवां नक्षीकाम अशी धरसोड केली नाहीं. आणि तिघांचाहि छंद अखेरीस दुसऱ्यांच्या उपयोगी पडला. हे तीन गुण जेथें असतील, तेथें छंदाला व्यासंग म्हणावें. जेथें ते नसतील, तेथें ती केवळ करमणूक. आणि करमणुकीला अभ्यासाच्या वेळांतून वाटा मागण्याचा अधिकार नाहीं, हें मी विद्यार्थ्यांना स्पष्टपणें सांगतों. दुसऱ्यांनीं काढलेलीं चित्रें मोबाइलच्या पडद्यावर तासन्‌तास सरकवीत बसणें हा चित्रकलेचा छंद नव्हे. दुसऱ्याचें जेवण पाहून आपलें पोट भरत नाहीं.

मग करावें काय? मोठ्या साहित्याची गरज नाहीं. एक वही घ्या आणि वर्षाला एकच काम ठरवा. आपल्या गांवांत कृषि संशोधन केंद्र आहे. तेथून निघालेल्या तुरीच्या वाणांनीं दूरदूरचीं शेतें हिरवीं केलीं आहेत. ज्याला चित्रांची आवड आहे त्यानें आपल्याच शेतांतील तूर पेरणीपासून शेंग वाळेपर्यंत दर आठवड्यास एकदां रेखाटावी. ज्याला जुन्या वस्तूंची आवड आहे त्यानें घरांतील व शेजारच्या घरांतील जातें, पाटा, अडकित्ता, कुलुप यांची नोंद करावी : कोणाचें, कधींचें, कोणीं घडविलें. जिला गाण्याची आवड आहे तिनें आजीच्या ओव्या तिच्याच शब्दांत उतरून घ्याव्या. आजी पुढच्या वर्षीं असेलच असें नाहीं. वर्षअखेरीस वही पूर्ण झाली पाहिजे. चित्रें वेडींवांकडीं असलीं तरी चालेल. वही अर्धवट राहिलेली चालणार नाहीं.

पालकांना विनंती एवढीच कीं, दिवसाचा अर्धा तास या वहीसाठीं राखून द्यावा, आणि तिच्या बदल्यांत गुण मागूं नयेत. परीक्षेच्या महिन्यांत वही मिटलेली असूं द्यावी. परीक्षा संपतांच ती पुन्हां उघडली जाईल एवढें पाहावें. आपल्या मुलाचा मोठा चित्रकार होईल असें वचन कोणी देऊं शकत नाहीं. बहुतेक मुलें शेतकरी, व्यापारी, कारकून, परिचारिका, शिक्षक अशींच होतील, आणि तसें होण्यांत कमीपणा नाहीं. पण ज्याला बारकाईनें पाहण्याची आणि धरलेलें काम तडीस नेण्याची संवय लागली, तो शेतांतहि अधिक पाहील आणि हिशेबांतहि कमी चुकेल. आणि पीक बुडाल्यावर, घर सुनें झाल्यावर किंवा म्हातारपणीं हात रिकामे झाल्यावर त्याच्यापाशीं करण्यासारखें कांहीं तरी असेल.

माळ्यावर ठेवलेल्या रंगपेटींतील रंग वाळतात. त्याला फार दिवस लागत नाहींत. पालकहो, या उन्हाळ्याच्या सुटींत ती एकदां खालीं काढून पाहा.