दंड पक्का, तांबं मात्र सवडीनं

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. हरीण असो की रानडुक्कर, रायफलीत बहुतेक वेळा तांब्याचीच गोळी घालावी लागते. कायदा योग्यच आहे. माझी तक्रार आहे ती तो राबवण्याच्या रीतीबद्दल.

१. आधी शिसं काय करतं ते पाहू. शिशाच्या गाभ्याची गोळी हरणाच्या अंगात शिरली की फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात. शिकारी हरीण जागेवरच साफ करतो, कोथळा तिथंच टाकतो आणि मांस घेऊन जातो. त्या कोथळ्यावर कॉन्डोर उतरतो. या मृतभक्षी पक्ष्याच्या पोटातलं आम्ल भलतंच जहाल असतं, त्यात शिसं विरघळतं आणि रक्तात जातं. १९८२ साली हे पक्षी जगात अवघे २२ उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून आणला, बंदिस्त जागेत त्यांची वीण वाढवली आणि १९९२ पासून ते पुन्हा सोडायला सुरुवात झाली. आज त्यांची संख्या पाचशेच्या वर आहे, पण रानातल्या कॉन्डोरना मारणारं सगळ्यात मोठं कारण अजून शिसंच आहे.

२. पक्ष्यांचं मेलं काय, असं म्हणणाऱ्यांनी नॉर्थ डकोटाकडे पाहावं. २००८ मध्ये तिथल्या एका डॉक्टरानं गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसाची पाकिटं सीटी स्कॅनमध्ये घातली, तर अनेकांत धातूचे कण निघाले. राज्यानं ते दानाचं मांस टाकून द्यायला सांगितलं. देणाऱ्याच्या मनात खोट नव्हती, तो स्वतःच्या पोरांनाही तेच वाढत होता.

३. तांबं घ्या म्हणणं सोपं आहे. शिशाची घनता ११.३४, तांब्याची ८.९६. म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी सरळ जायला जास्त फिरकी लागते, आणि आजोबांच्या रायफलीच्या नळीतला पीळ तेवढी देईलच असं नाही. शिवाय ती पुंगळीत खोल बसते, दारूची जागा खाते आणि दाब बदलतो. म्हणून घरी काडतुसं भरणाऱ्यानं शिशाचं जुनं माप तांब्याला लावणं म्हणजे थेट अपघाताला बोलावणं. त्याच गोळीसाठी छापलेलं कोष्टक घ्यायचं, खालच्या मापापासून सुरुवात करायची.

आणखी एक. तांब्याची गोळी वेगाच्या जोरावर पाकळ्यांसारखी उमलते. लांब पल्ल्यावर वेग मंदावला तर ती मिटलेलीच आरपार जाते आणि हरीण जखमी होऊन झाडीत पळतं. म्हणून जाणकार .३०८ रायफलीत १८० ग्रेनऐवजी १५० ग्रेनची हलकी गोळी घेतात. ती फुटून विखुरत नाही, वजन टिकवते, त्यामुळे हलकी असूनही काम करते. वजनदार गोळीवर वाढलेल्या माणसाला हे पटायला दोन हंगाम लागतात, आणि त्यात त्याचा हट्ट आहे असं मला वाटत नाही.

४. आता कॅलिफोर्निया राज्याकडे वळू. कॉन्डोरच्या टापूपुरता पहिला कायदा २००७ चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला पाचशे डॉलर दंड ठरला. शिकाऱ्यांना बिनशिशाची काडतुसं फुकट किंवा सवलतीत द्यायची तरतूदही त्यात होती, पण निधी मिळाला तरच! भरीला २०१९ मध्ये, बंदीच्याच दिवशी, काडतूस विकत घेताना पार्श्वभूमी तपासणीही सुरू झाली. दोन कायद्यांचे हेतू वेगळे होते, पण दुकानात उभ्या असलेल्या माणसाला एकच हात गळ्याशी आल्यासारखा वाटला.

५. शेजारच्या अ‍ॅरिझोनानं उलटं केलं. २००५ पासून कायबाब पठारावरच्या शिकाऱ्यांना बिनशिशाची काडतुसं फुकट दिली आणि सक्ती केली नाही. तिथले बहुसंख्य शिकारी साथ देतात, कोणी तांबं वापरून, कोणी कोथळा उचलून नेऊन. तरीही पक्षी शिशानं मरतातच, कारण थोडेसे कोथळेही पुरे होतात. म्हणून नुसत्या विनंतीवर माझा भरवसा नाही.

६. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकारच बंद आहे, त्यामुळे तांब्याचा प्रश्न आपला नाही. पण गिधाडांचा आहे. मेलेल्या गुरांमधलं डायक्लोफेनॅक त्यांना मारत होतं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तेव्हा मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध समोर होतं. तेवढ्यानं पळवाटा बुजल्या नाहीत, पण गुरांच्या डॉक्टरला हात हलवत परत जावं लागलं नाही.

७. मग कॅलिफोर्नियाकडे मागणी काय? हरणाच्या परवान्यासोबतच कूपन द्या, निधीची अट न घालता. जुन्या रायफलींचा पीळ फुकट तपासून द्या. आणि कूपन भरलेल्या काडतुसांपुरतं ठेवू नका, सुट्या गोळ्यांवरही चालू द्या. पन्नास गोळ्यांच्या एका डब्यात घरी भरणाऱ्याची नेमाची जुळवणी होते आणि हरणाचा हंगामही निघतो.