रस्त्यावर वाढलेल्या तरुणांच्या स्वयंरोजगारासाठी निवेदन

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : १८ वर्षे पूर्ण केलेल्या बेघर तरुण-तरुणींना विक्री प्रमाणपत्र, भांडवल आणि माल ठेवण्यास जागा मिळण्याबाबत.

महोदय,

मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या शहरांत रेल्वे स्थानकांच्या आसपास आणि उड्डाणपुलांखाली वाढलेली मुले १८ वर्षांची झाली की शासनाच्या कोणत्याच खात्यात बसत नाहीत. महिला व बालविकास विभागाच्या दृष्टीने ती आता बालके राहिलेली नसतात. कौशल्य विकास विभाग शाळेचा दाखला मागतो, नगरविकास विभाग रहिवासाचा पुरावा मागतो आणि बँक हे दोन्ही मागते. हा प्रश्न तीन विभागांच्या मधल्या फटीत अडकला आहे, म्हणून हे निवेदन एकाच विभागाला न देता आपणांस देत आहोत.

ही मुले रिकामी बसलेली नाहीत, हे आधी नमूद केले पाहिजे. पहाटे दादरच्या फूलबाजारातून सुटा मोगरा घ्यायचा, पुलाखाली बसून गजरे ओवायचे आणि दुपारनंतर सिग्नलला विकायचे, असा धंदा करणारी एकोणीस वर्षांची मुलगी कुणाची नोकर नसते. लग्नाच्या तिथीला किती माल उचलायचा, पाऊस लागला की मोगरा सोडून काय विकायचे, हे तिला पक्के ठाऊक असते. अडते ते भांडवलावर. सकाळी हजार रुपये उचलायचे आणि रात्री अकराशे फेडायचे, या बोलीवर तिचा दिवस सुरू होतो. वर चार पैसे उरलेच तर ते ओळखीच्या चहावाल्याकडे ठेवायचे, कारण रात्री झोपेत कमरेचे पैसे जातात. अशा मुलीला पुन्हा पंधरा दिवसांचे ‘उद्योजकता प्रशिक्षण’ देऊन हाती प्रमाणपत्र ठेवणे ही तिची थट्टा आहे. शिवणयंत्रे वाटण्याचे समारंभही आम्ही पाहिले आहेत. डोक्यावर छप्पर नसलेल्याने ते यंत्र रात्री ठेवायचे कुठे, हे मात्र व्यासपीठावरून कुणी विचारत नाही.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ नुसार बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात उभे राहण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत संस्थेतून बाहेर पडल्यानंतरच्या अशा अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. तरतूद चांगलीच आहे, पण ती संस्थेत राहिलेल्यांपुरती. जो मुलगा बालगृहात कधी गेलाच नाही किंवा तिथून पळून आला, त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. ज्याला व्यवस्था लहानपणी गाठू शकली नाही, त्यालाच मोठेपणी वगळायचे, असा याचा अर्थ होतो. राज्याने स्वतःच्या निधीतून हे साहाय्य रस्त्यावर वाढलेल्या १८ ते २३ वयोगटातील तरुणांना लागू करावे आणि त्यातील काही रक्कम धंद्याचे बीजभांडवल म्हणून एकरकमी द्यावी, ही आमची मुख्य मागणी आहे. ही रक्कम कर्ज नसावी. पथविक्रेत्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेत पहिल्या कर्जाची मर्यादा आता १५,००० रुपये आहे. त्या कर्जापर्यंत पोहोचण्याआधी सावकाराच्या रोजच्या व्याजातून सुटका व्हायला हवी.

दुसरा मुद्दा कागदपत्रांचा. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार सर्वेक्षणात नोंद झालेल्याला विक्री प्रमाणपत्र मिळते. आपल्या राज्यात मात्र अधिवासाच्या अटीवर अनेक विक्रेते अपात्र ठरले. ज्याचा जन्म कुठे झाला हे त्याचे त्यालाच ठाऊक नाही, त्याने या अटीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा आणायचा कुठून? वास्तविक अशा अनेकांच्या नोंदी शासनाच्याच दप्तरात आहेत. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईतच झाली. तिच्याकडील नोंदी, बालकल्याण समितीचे आदेश, रस्त्यावरील मुलांसाठीच्या फिरत्या पथकांची हजेरीपुस्तके आणि पालिका शाळांची पटपत्रके हा वास्तव्याचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावा. बेघर निवारा केंद्राच्या प्रमुखाचे पत्र पत्त्यासाठी चालावे. आधार आणि बँक खात्याची शिबिरे रात्री निवारा केंद्रांत आणि स्थानकांबाहेर भरवावीत. दिवसा शिबिराला येणे म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडवणे, आणि ती चैन या मुलांना परवडत नाही.

माल जप्तीबाबत आम्ही नवीन काही मागत नाही, आहे तो कायदा पाळला जावा एवढेच म्हणणे आहे. पथविक्रेता अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे जप्त मालाची यादी करून द्यावी लागते. विक्रेत्याने मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा असतो. गाडी येते, टोपली उचलली जाते आणि पावती मिळत नाही, हा अनुभव आमच्याकडे येणारी बहुतेक मुले सांगतात. यादीच हाती नसेल तर मागणी कशाच्या आधारे करायची? आणि मोगरा तर संध्याकाळपर्यंतच मोगरा असतो. सर्व नागरी संस्थांना याबाबत लेखी परिपत्रक जावे आणि यादी न देणाऱ्या पथकप्रमुखावर जबाबदारी निश्चित व्हावी.

माल ठेवण्यासाठी पालिकेच्या मंड्यांत आणि निवारा केंद्रांत कुलपाच्या पेट्या नाममात्र भाड्याने द्याव्यात. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषाप्रमाणे एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी निवारा हवा. तो निकष पूर्ण करताना पेट्यांची सोय आराखड्यातच धरावी. तसेच नगर पथविक्रेता समित्यांमध्ये ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात, तिथे या तरुणांपैकी एकाला निमंत्रित म्हणून बसवावे.

ही मुले पैसा सांभाळतील का, असा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. दिल्लीत ‘बटरफ्लाइज’ या संस्थेच्या पुढाकाराने रस्त्यावरची मुले स्वतः आपली बचत बँक चालवत आली आहेत. ‘सलाम बॉम्बे’ चित्रपटानंतर १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सलाम बालक ट्रस्टमधील, एकेकाळी रस्त्यावर राहिलेले तरुण तिथल्याच पहाडगंजच्या गल्ल्या पर्यटकांना दाखवून कमाई करतात. आपल्या राज्यातील मुलांवर तेवढाच विश्वास टाकायला हरकत नसावी.

गैरसमज नको म्हणून स्पष्ट करतो : चौदा वर्षांखालील मुलांच्या हाती टोपली द्या, असे आमचे म्हणणे नाही. बालमजुरीविरोधी कायद्याची अंमलबजावणी सध्यापेक्षा कडक व्हावी आणि त्या मुलांची जागा शाळेत असावी. वरील सर्व मागण्या १८ वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी आहेत.

आगामी अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी महिला व बालविकास, नगरविकास आणि कौशल्य विकास या तिन्ही विभागांच्या सचिवांची संयुक्त बैठक आपल्या अध्यक्षतेखाली घ्यावी व तीत या तरुणांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकावे. बैठकीची तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
रस्त्यावर काम करणारे तरुण विक्रेते व त्यांच्यासोबतचे कार्यकर्ते

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. आयुक्त, महिला व बालविकास, पुणे