खेळ अवघड की सांगणे अवघड?

(द्वितीय वर्ष, कला)

अमेरिकन फुटबॉल डोक्यावरून जातो, असे छातीठोकपणे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे असे की, नाव फुटबॉल पण काम हाताचे. चेंडू धड गोलही नाही. शिरस्त्राणे घातलेली माणसे एकमेकांवर आदळतात, पाचसहा सेकंद खेळतात आणि मग अर्धा मिनिट नुसती उभी राहतात. हे सारे वर्णन खरे आहे. परंतु त्यावरून खेळ अवघड आहे, हा निष्कर्ष मला मान्य नाही. खेळ सोपा आहे. अवघड आहे ती आपली समजावून सांगण्याची रीत.

कोणी म्हणेल, पुण्याला या खेळाचे काय देणेघेणे? त्यांच्या माहितीसाठी सांगते. ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ नावाची एक लीग आपल्या देशात निघाली होती. तिचा पहिला हंगाम २०१२ मध्ये कोलंबोला खेळला गेला आणि दिल्लीच्या संघाला हरवून विजेतेपद मिळवले ते ‘पुणे मराठाज्’ या संघाने. म्हणजे या खेळातले भारताचे पहिले लीग-विजेते आपल्या गावचे! हे माझ्या वर्गात मी दहाबारा जणांना विचारून पाहिले. एकालाही ठाऊक नव्हते. क्रिकेटचा सोडाच, पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवले, तेव्हा आमच्या गल्लीत पोरे नाचली होती. मराठाज् जिंकले तेव्हा कोण नाचणार? नाचायला आधी खेळ कळावा लागतो.

आता हा खेळ समजावून सांगणारे काय करतात ते पाहा. सुरुवातच करतात ती ‘स्क्रिमेज’, ‘स्नॅप’, ‘डाउन’, ‘क्वार्टरबॅक’, ‘पंट’, ‘इंटरसेप्शन’ अशा शब्दांच्या यादीने. ऐकणारा तिसऱ्या शब्दाला मान डोलावू लागतो, सहाव्याला घड्याळ पाहतो. सांगणाऱ्याला वाटते, आपण सगळे सांगितले. खरे तर त्याने काहीच सांगितलेले नसते. मैदानात उतरलेल्या माणसाला हवे काय, हे आधी सांगितल्याशिवाय शब्दांना धरायला जागाच नसते.

मला हा खेळ आवडू लागला तो मोबाईलवर जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहून. शाळेत मी कबड्डी खेळले आहे, म्हणून मी तो कबड्डीच्या अंगाने पाहिला आणि तसाच इतरांना सांगते. कबड्डीत मध्यरेषा पक्की असते. आपण पलीकडे चढाई करतो, कोणाला तरी शिवतो आणि जीव घेऊन परत येतो. अमेरिकन फुटबॉल ही अशी चढाई समजा की जिच्यात परत यायचेच नाही. चेंडू घेऊन पुढे घुसायचे. जिथे पकड होईल, तिथेच नवी मध्यरेषा आखली जाते आणि पुढची चढाई तिथून. रेषाच सरकत जाते. ज्या संघाने रेषा ढकलत ढकलत समोरच्याच्या टोकापर्यंत नेली, त्याला सहा गुण. यालाच टचडाउन म्हणतात. (नाव फसवे आहे. चेंडू जमिनीला टेकवावा लागत नाही. शेवटची रेषा ओलांडली की झाले. हे नाव रग्बीकडून आलेले, तिथे मात्र टेकवावा लागतो.)

थोडक्यात, हा चेंडूचा खेळ कमी आणि जमिनीचा जास्त. बांधाला बांध लावून शेती करणाऱ्यांच्या नातवंडांना तो कळू नये, याचे मला आश्चर्य वाटते.

मैदान शंभर यार्डांचे. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार संधी मिळतात आणि त्या चारांत मिळून दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरच्या किंचित वर, पुढे सरकायचे असते. पुरुषांच्या कबड्डीच्या मैदानाची रुंदी दहा मीटर; जवळजवळ तेवढेच अंतर. जमले तर पुन्हा नव्या चार संधी. नाही जमले तर आहे त्या जागी चेंडू दुसऱ्या संघाच्या हवाली. या संधीलाच ते ‘डाउन’ म्हणतात. मी मैत्रिणींना सांगताना ‘डाव’ म्हणते. उच्चार जवळचा, अर्थही फार दूर नाही. मराठी विभागाच्या सरांनी हसू नये.

चारच संधी का? इथेच सगळी गंमत आहे आणि नेमके हेच कोणी सांगत नाही. पूर्वी अशी मर्यादा नव्हती. चेंडू मिळाला की तो धरून ठेवायचा, एवढेच पुरे. १८८१ मध्ये येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या सामन्यात दोन्ही संघांनी आळीपाळीने चेंडू कवटाळून वेळ काढला. गुण कोणालाच नाही, प्रेक्षक कंटाळून गेले. तेव्हा १८८२ मध्ये वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने नियम झाला की, तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू द्या. पुढे त्याचे चार प्रयत्न आणि दहा यार्ड झाले. आता आपल्याकडे या. प्रो कबड्डीत दोन चढाया कोरड्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ची असते, तीत गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद. दुखणे तेच, औषधही तेच. कारण कळले की नियम पाठ करावा लागत नाही.

एका दुपारी माझे वडील शेजारी येऊन बसले. ते गुलटेकडीच्या मार्केट यार्डात तोलणार आहेत, शाळा चौथीपर्यंत. थोडा वेळ पाहून म्हणाले, “काय गं, हे दर वेळी थांबतात कशाला?” मी म्हटले, “आण्णा, एक चढाई संपली. आता नवी रेषा. चारांत दहा यार्ड काढायचेत.” त्यांनी मान हलवली. पुढे दोन माणसे साखळी घेऊन मैदानात आली आणि चेंडू दहा यार्डांपर्यंत पोचला की नाही ते मोजू लागली. आण्णा एकदम पुढे सरकून बसले. चेंडू दोन बोटे कमी भरला. “बरोबर आहे,” ते म्हणाले, “पण तो चेंडू तिथं ठेवला कोणी?” मी म्हटले, पंचाने, नजरेने. तर म्हणतात, “ठेवायचा नजरेनं आणि मोजायचा साखळीनं! असं माप आमच्याकडं केलं तर शेतकरी काटा उलथून टाकील.”

मला नंतर वाचताना कळले की, हाच आक्षेप अमेरिकेतही घेतला जातो. तिथल्या व्यावसायिक लीगने २०२५ च्या हंगामापासून मोजणी कॅमेऱ्यांकडे दिली आहे. साखळी आता सोबतीला असते. पण चेंडू ठेवण्याचे काम अजून पंचाच्या नजरेचेच. अर्ध्या तासापूर्वी ज्यांना हा खेळ ठाऊक नव्हता, त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवले, आणि तेही ‘स्क्रिमेज’ हा शब्द न ऐकता.

बाकीचे मग भराभर होते. चौथ्या संधीला अंतर फार उरले असेल तर संघ चेंडू लाथेने लांब भिरकावून देतो. द्यायचाच आहे तर आपल्या दारापासून दूर नेऊन द्यावा, हा हिशेब. यालाच पंट म्हणतात. टोक जवळ असेल तर दोन खांबांमधून लाथाडून तीन गुण घेता येतात. टचडाउननंतर लाथेने एक गुण जादा किंवा पुन्हा घुसून दोन. पुढे फेकण्याची मुभा एका डावात एकदाच, तीही रेषेच्या मागून. फेकलेला कोणी झेललाच नाही तर चेंडू पूर्वीच्या जागी परत आणि एक संधी गेली, आणि विरुद्ध संघाने झेलला तर चेंडू त्यांचा. हा पुढे फेकण्याचा नियम १९०६ चा. त्याआधी सगळे घोळक्याने रेटारेटी करत, त्यात मुले मरत. १९०५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या लोकांना बोलावून समज दिली होती. खेळ मोकळा झाला, तरी डोक्याला होणाऱ्या इजांचा प्रश्न आजही सुटलेला नाही, हे मी झाकून ठेवणार नाही.

एवढ्या लांबच्या खेळाची मी इतकी वकिली का करते आहे? खरे सांगायचे तर मला खेळापेक्षा सांगण्याची चिंता अधिक आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. प्रथम वर्षाला आले तेव्हा ‘क्रेडिट’, ‘इंटर्नल’, ‘मायनर’, ‘एटीकेटी’ हे शब्द हवेत होते. ज्यांचे आईवडील शिकलेले, त्यांनी ते जेवताना ऐकलेले. माझ्या आईला एटीकेटी हा एखादा वरचा कोर्स वाटला होता! काही विषय राहूनही पुढच्या वर्गात बसता येते, एवढेच सोपे वाक्य. पण ते कोणी फळ्यावर लिहिले नाही. कोणी मुद्दाम लपवले, असा माझा आरोप नाही. हे सांगायचे असते, असे कोणाला वाटलेच नाही. माझ्याच तुकडीतली एक मुलगी पहिल्या सत्रानंतर आली नाही. दोन विषय गेले म्हणजे वर्ष संपले, असे तिच्या घरच्यांनी धरून चालले होते. तिचे लग्न झाले.

‘संज्ञा इंग्रजीतच शिकाव्या लागतात’ असे यावर काही प्राध्यापक म्हणतील. जरूर शिकवाव्यात. इंग्रजी शब्दांशी माझे भांडण नाही; आपल्या कबड्डीतही आता ‘रेड’ आणि ‘सुपर टॅकल’ रुळले आहेत आणि कोणाचे काही बिघडले नाही. माझे भांडण क्रमाशी आहे. आधी रेषा, मग तिचे नाव.

‘परक्या खेळाचे कौतुक कशाला’ या दुसऱ्या आक्षेपाला मी फार वेळ देणार नाही. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम एकोणिसाव्या शतकात याच पुण्यात, इंग्रजांच्या छावणीत आकाराला आले. खेळाचे एक जुने नावच ‘पूना’. खो-खोचे नियम १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्याने बसवले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनला आपले खेळ करून दाखवले, तेव्हा नवखे प्रेक्षक जर्मन होते आणि सांगणारे आपण.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचे सौम्य रूप, फ्लॅग फुटबॉल, स्त्रिया आणि पुरुष दोघांसाठीही आहे. पाच विरुद्ध पाच. अंगावर आदळायचे नाही. कमरेच्या पट्ट्याला लटकवलेली फीत ओढली की पकड झाली. शिरस्त्राण नको, चिलखत नको. आमच्या कबड्डीच्या मुली तयार आहेत, फिती आईच्या जुन्या साडीच्या काठाच्या होतील. जिमखान्याकडून फक्त एक लांबट चेंडू हवा आहे आणि शनिवारी दुपारी अर्धे मैदान. नियम फळ्यावर मराठीत मी लिहीन.