अधांतरी योग आणि आपली दोरी

आपल्याकडे नव्या गोष्टीचे स्वागत बहुधा दोनच प्रकारांनी होते. एक पक्ष म्हणतो, "यात नवे ते काय? हे आमच्याकडे पूर्वीपासून होतेच!" दुसरा पक्ष नाक मुरडून म्हणतो, "ही सारी परदेशी थेरे!" गंमत अशी, की दोन्ही पक्षांतील बहुतेक मंडळींनी ती गोष्ट स्वतः करून पाहिलेली नसते. छताला टांगलेल्या कापडाच्या झोळीत करावयाचा 'एरियल योग', म्हणजे अधांतरी योग, सध्या मोठ्या शहरांतून पसरत आहे. त्याच्याबद्दलही हेच दोन सूर ऐकू येतात. सुट्टीत सुरतेस गेले असताना मी तो थोडा करून पाहिला. तेवढ्या अधिकारावर दोन्ही पक्षांना चार शब्द सांगावेसे वाटतात.

सुरत म्हटले की आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातील १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. आजची सुरत मात्र हिऱ्यांची आणि कापडाची आहे. कृत्रिम धाग्याच्या साड्या तेथून देशभर जातात. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून पोटासाठी गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे यंत्रमागांवर आणि कापडाच्या कारखान्यांत राबतात. त्यांच्या मुलांसाठी महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. योगाच्या बाबतीत तर या शहराने विक्रमच केला आहे. २१ जून २०२३ रोजी तेथे सुमारे दीड लाख लोकांनी एकाच वेळी योगासने केली आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. अशा गावात योग जमिनीवरून छताला जाऊन लोंबकळू लागला, यात नवल नाही.

माझी मावशी उधन्याला राहते. मावसबहिणीच्या ओळखीने शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका वर्गात आम्ही दोघी चार दिवस गेलो. झोळी मऊ, ताणली जाणाऱ्या नायलॉनची. तिची दोन्ही टोके पोलादी कड्यांनी छताला अडकविलेली, खालची कड आपल्या कमरेइतक्या उंचीवर. पहिल्या दिवशी नुसते बसणे, रेलणे, एक पाय झोळीत घालून तोल सांभाळणे. दुसऱ्या दिवशी कापड कमरेमागे घेऊन, पाय त्याला विळखा घालून, डोके खाली. शिक्षिका म्हणाल्या, "आता हात सोडा." सांगणे सोपे! कापड आपल्याला धरून आहे हे डोळ्यांना दिसत असते, पण हातांना पटत नाही. दोनचार क्षणांनी ते पटले आणि पाठीचा कणा आपल्याच वजनाने हलकेच ताणला गेला. शीर्षासनात मानेवर येतो तसा भार येथे येत नाही, कारण डोके जमिनीला लागतच नाही. उलट मांड्यांना आणि कमरेला कापड चांगलेच काचते आणि पहिले दोन दिवस मळमळते, हेही सांगितले पाहिजे. शेवटचे शवासन झोळीतच, अंगाभोवती कापड लपेटून. हे वर्णन ऐकून मावशी म्हणाली, "अगं, लहानपणी तुला मी माझ्या लुगड्याच्या झोळीतच झोपवायची. तेव्हा एक पैसा पडला नव्हता!"

मावशीच्या विनोदात पहिल्या पक्षाचा युक्तिवाद आला. 'हे आमचेच' या म्हणण्यात तथ्य किती? अधांतरी योगाचा थेट उगम अमेरिकेतील कसरतपटूंच्या जगात आहे. ख्रिस्तोफर हॅरिसन यांनी न्यूयॉर्कमध्ये 'अँटिग्रॅव्हिटी' नावाचा कसरतपटूंचा संच काढला. कसरतीसाठी वापरावयाच्या झोळीला पुढे योगासनांची जोड मिळाली आणि २००० नंतरच्या दशकात तिचे वर्ग सुरू झाले. हे श्रेय त्यांचे त्यांना दिलेच पाहिजे.

पण दुसऱ्या पक्षानेही थोडे थांबावे. देह अधांतरी तोलण्याची विद्या आपल्याला परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या व्यायामाच्या खांबाचा उल्लेख दाखवितात. कन्नड मुलखातल्या राजाचा हा ग्रंथ. आमच्या कन्नड विभागातील मैत्रिणी ज्याला 'मल्लकंब' म्हणतात, तोच आमचा मल्लखांब. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवे रूप दिले. गुजरातेतल्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी मराठी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड सिद्ध केले. वेताच्या मल्लखांबातून दोरीचा मल्लखांब आला. पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या पकडीत सुती दोर धरून, कोठेही गाठ न मारता, मुले-मुली त्यावर पद्मासन घालतात. इकडे कोलार जिल्ह्यातील बेल्लूरला जन्मलेले बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले. तेथे १९७५ साली उघडलेल्या त्यांच्या संस्थेत भिंतीतल्या दोरांना उलटे टांगून घेऊन आसने शिकविली गेली. तेव्हा झोळी बाहेरची असली, तरी तिच्यात आपण शिकतो ते धैर्य आपल्या घरातलेच आहे.

परंतु माझा खरा मुद्दा वंशावळीचा नाही. हे धैर्य शिकावयाला आज कोणाला मिळते, हा आहे. सुरतेच्या त्या वर्गाचे महिन्याचे शुल्क ऐकून मावशीचे यजमान म्हणाले, "एवढ्यात आपल्या घरचा महिन्याचा किराणा येतो." जे हात रात्रपाळीत मैलोन्‌मैल कापड काढतात, त्यांच्या मुलीला त्या कापडाला लोंबकळण्याची चैन परवडत नाही. आखाड्यात आणि तालमीत गरिबाच्या मुलाला लंगोटाखेरीज दुसरा खर्च नव्हता. पण तेथे मुलींना प्रवेश नव्हता. नव्या वर्गात मुलींना मानाने प्रवेश आहे. पण तेथे गरिबाला जागा नाही. एका दाराशी संकोच उभा, दुसऱ्या दाराशी पैसा! मग आपण जावे कोठे?

मुलींना हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना एकच उदाहरण पुरे. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी अंध मुलींनासुद्धा दोरीचा मल्लखांब शिकविला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२२ साली गुजरातेत राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या, त्यांत मल्लखांबाचा प्रथमच समावेश झाला आणि स्त्रिया व पुरुष दोघांच्याही स्पर्धा झाल्या. ज्यांना खालची जमीन दिसत नाही त्या मुली दोरीवर चढतात, आणि डोळस आपण 'लोक काय म्हणतील' या एका वाक्याला घाबरून जिमखान्यात कॅरमच्या पटाभोवती बसतो!

उत्साहाच्या भरात विवेक मात्र सुटू नये. झोळी असो वा दोरी, ती घरच्या पंख्याच्या हुकाला बांधून प्रयोग करू नयेत. झोका घेताना छतावर येणारा भार आपल्या वजनापेक्षा बराच जास्त असतो. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटे होऊ नये. भरल्या पोटी तर कोणीच नाही. आणि जाणता शिक्षक जवळ असल्याखेरीज हात सोडू नयेत.

आता मागणे एवढेच. आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात एक जाड सुती दोर टांगावा, त्याखाली गाद्या घालाव्यात, आठवड्यातून दोन दिवस एक तास केवळ मुलींसाठी राखून ठेवावा आणि शिकविण्यासाठी जाणकार शिक्षक बोलवावेत. नायलॉनची झोळी नसली तरी चालेल. दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या मंडपावर आपण जेवढा खर्च करतो, त्याच्या अल्पशा भागात हे होईल. मराठी विभाग आणि कन्नड विभाग भाषेने वेगळे असतील. दोरीवर चढताना अंगठ्याची पकड दोघींचीही सारखीच लागते. जिमखान्याच्या चिटणिसांनी यंदाच्या अंदाजपत्रकात या दोरासाठी एक ओळ लिहावी. पहिल्या दिवशी नाव नोंदवायला मी हजर आहे. माझ्या मागे किती जणी उभ्या राहतात, ते पाहायचे.