आधी पोच द्या

जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णी किंवा माहोऱ्याच्या शेतमजूर बाईला दाखल्यासाठी जाफराबाद गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडे जाते. कोणत्याही तालुक्याच्या गावी अशा बाईला खिडकीवर कुणी ‘नाही’ म्हणत नाही. ‘सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या,’ म्हणतात. सोमवारी एक झेरॉक्स कमी निघते. पुढच्या खेपेला तलाठ्याचा अहवाल आलेला नसतो.

महाराष्ट्राने यावर कायदा केला, तो 28 एप्रिल 2015 पासून लागू आहे. लोकसेवा हक्क कायद्यानुसार ठरल्या मुदतीत सेवा मिळाली नाही, तर खात्यातच दोन अपिले, मग सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. कसूरदार अधिकाऱ्याला 500 ते 5 हजार रुपये दंड. कायदा दणकट आहे. मेख मुदतीच्या मोजणीत आहे. मुदत सुरू होते ती सर्व पूर्तता झाल्याच्या दिवसापासून, आणि पूर्तता झाली की नाही हे बघायचे त्याच कार्यालयाने! अर्जच नोंदला गेला नाही, तर उशीरही कुठे नोंदला जात नाही. चार हेलपाटे घालणारी बाई कागदावर आलेलीच नसते आणि कार्यालयाचा अहवाल मात्र ‘सर्व अर्ज मुदतीत निकाली’ असा लखलखीत जातो.

उत्पन्नाचा दाखला लागणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेचेच घ्या. तिच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सर्वसाधारणपणे 21 हजारांच्या आत लागते, म्हणजे दिवसाला 58 रुपयेसुद्धा नाहीत. (ही मर्यादा ठरवणाऱ्यांनी खुरपणीची मजुरी कधी विचारली होती का?) इतक्या गरीब माणसाने अपील करावे, ही अपेक्षाच क्रूर आहे. गरिबांपर्यंत सेवा का पोहोचत नाहीत, याचा धांडोळा जागतिक बँकेने 2004 च्या अहवालात घेतला होता. सेवा देणाऱ्यावर गरिबाचा वचक नसतो, हे त्यातले एक प्रमुख कारण.

तो वचक पोचपावतीतून येतो. तारीख, अर्ज क्रमांक आणि मुदत लिहिलेली पोच देणे कायद्यातच आहे. अर्ज अपुरा असला तरी नोंदवावा. काय काय कमी आहे ते एकदाच आणि लेखी सांगावे. सर्व्हर बंद असेल तर शिक्का मारलेला कागद द्यावा. यासाठी नवा निधी नको, नवी योजना नको. जूनमध्ये पेरणी आणि शाळा-कॉलेजचे प्रवेश एकदमच येतात, दाखल्यांची झुंबड उडते. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी तसा आदेश काढावा. आणि मासिक आढाव्यात निकाली अर्जांबरोबरच खिडकीवरून परत पाठवलेल्यांचा आकडाही मागावा.